अकरा वर्षांची वाट

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले 1959 साली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, घेऊन ते जामखेडला आले 1970 मध्ये. पहिली पदवी आणि दुसरी पदवी यांच्यात सुमारे अकरा वर्षं गेली.

आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत हे अंतर एका वर्षावर आलं आहे. पहिल्या पदवीच्या शेवटच्या वर्षी एम.पी.एच.चे काही विषय घ्यायचे, त्यांचे क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात, आणि पुढच्या एका वर्षात पदवी हातात. त्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागत नाही. आपल्याकडेही 2020 च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि मग एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण ही सोय मान्य केली आहे.

आमच्या पुतणीची मुलगी तिकडे शिकते. तिच्यापुढे सध्या हाच प्रश्न आहे. वडील म्हणतात, एक वर्षाची फी वाचते, घे. आई म्हणते, एवढी घाई कशाला? मला विचारलं म्हणून हे लिहितो आहे. मी आपला मराठी माध्यमाचा बी.ए., वैद्यकातलं मला काय कळणार! पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास थोडाफार माहीत आहे. तोच सांगतो.

रजनीकांत आपल्या नगर जिल्ह्यातलेच. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) 1962 ते 1966 हे दांपत्य नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होतं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की रोगी बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. तेच गढूळ पाणी, तीच उपासमार, तीच बाळंतपणं. आजार गावात होता आणि डॉक्टर हॉस्पिटलात. हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेला गेले. तिथे मेडिसिन आणि सर्जरीचं शिक्षण झालं, आणि शेवटी एम.पी.एच. तिथे डॉ. कार्ल टेलर त्यांचे गुरू. टेलरही जन्माने मसुरीचे.

गंमत अशी की एम.पी.एच.चा अभ्यासक्रम तेव्हाही वर्षभराचाच होता. लांब होती ती त्याच्या आधीची वाट.

जामखेडला आल्यावर त्यांना पुन्हा शिकावं लागलं. 1972 चा दुष्काळ पडला. आमच्या पारनेर तालुक्यातही तेव्हा माणसं खडी फोडायला जात होती आणि घरोघरी लाल मिलोच्या भाकरी होत्या. जामखेडची माणसं औषध मागत नव्हती, पाणी आणि अन्न मागत होती. आरोळ्यांनी आधी तेच काम हाती घेतलं. शिकलेल्या नर्स खेड्यात मुक्कामाला राहीनात, म्हणून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित. या बायका दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन शिकवायच्या. गरोदर बाईने काय खावं, जुलाब झालेल्या लेकराला साखर-मीठ-पाणी कसं द्यावं, नाळ स्वच्छ कशी कापावी.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये तिथे दर हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1993 मध्ये हा आकडा 19 वर आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण होतं. 1978 मध्ये अल्मा आटा येथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये सरकारने आशा नेमल्या, त्याही गावातल्याच बायका.

म्हणजे पाहा, सगळ्यात जवळची वाट जामखेडच्या त्या बायकांची होती. ना पहिली पदवी, ना दुसरी. पण ज्या घरात बाळ दगावलं त्याच्या शेजारचं घर त्यांचं होतं. प्रश्न त्यांच्या दारातच होता. उत्तर तेवढं कुणीतरी विश्वासाने हाती द्यायचं होतं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांचंही असंच. 1984 मध्ये हॉपकिन्सची एम.पी.एच. घेतली ती आधी खेड्यात काम करून, आणि 1986 मध्ये गाठलं थेट गडचिरोली.

तेव्हा पोरी, मला विचारशील तर जवळची वाट जरूर घे. त्यात कमीपणा काही नाही. कोविडच्या दोन वर्षांत आपण पाहिलं, साथ समजणारी माणसं गावोगाव हवी आहेत, आणि अकरा वर्षं थांबायला साथीला वेळ नसतो. फीचे पैसे वाचतात तेही खरं. वडिलांचं कर्ज थोडं हलकं होईल.

मात्र वाचलेलं ते एक वर्ष लगेच नोकरीत घालू नकोस. ते एखाद्या गावाला दे. इकडचं असो की तिकडचं, गरिबांचं असलं म्हणजे झालं. जिथे तुझी पदवी कुणी विचारणार नाही आणि लोक तुला भलतंच काहीतरी मागतील. ते जे मागतील, तिथून तुझा अभ्यास सुरू होईल.

आईलाही हे वाचून दाखव. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.