तळटीप : थायमसमधील पेशीमृत्यू

थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. अस्थिमज्जेतून आलेल्या पूर्वपेशींपासून टी-पेशी इथे घडतात, पारखल्या जातात आणि बहुतांश इथेच मरतात. ज्यांच्या ग्राहकाला स्वतःचे एमएचसी रेणू ओळखता येत नाहीत, त्यांना जगण्याचा संकेतच मिळत नाही. ज्या शरीराच्याच प्रथिनांना घट्ट चिकटतात, त्यांपैकी बहुतेकींत बिम हे प्रथिन मृत्यूची प्रक्रिया सुरू करते : मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रे पडतात, कॅस्पेस विकरे जागी होतात, डीएनएचे तुकडे होतात. पेशी फुटत नाही, आक्रसते. भक्षकपेशी तिला गिळतात, म्हणून सूज येत नाही. हा संहार निष्ठुर वाटला तरी त्यावाचून शरीर स्वतःवरच उलटले असते. मरण चुकवून बेसुमार वाढणाऱ्या अपक्व टी किंवा बी-पेशींतून तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया उद्भवतो. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये त्यावर उपचार आणि संशोधन दोन्ही चालते.