दरवाजा जुनाच, दरवान नवा

आमच्या भंडारा जिल्ह्यातलं पवनी पाहिलंय का तुम्ही? तट, खंदक, दगडी दरवाजा, सगळं आहे. गोंड गेले, भोसले आले. भोसले गेले, इंग्रज आले. गाव ताब्यात आलं म्हणून नवा मालक काही दरवाजा पाडून दुसरा बांधत बसत नसे. दरवान बदलला की त्याला रात्री झोप लागत असावी.

माझ्या जुन्या कचेरीनेही गेल्या महिन्यात हेच केलं. दारं, भिंतीतल्या वायरी, कार्ड टेकवायच्या डब्या, सारं वीस वर्षांपूर्वीचं. आतल्या खोलीतला कंट्रोलर तेवढा नवाकोरा. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पेन्शनच्या कागदासाठी गेलो, पाकिटातलं जुनं कार्ड सवयीने टेकवलं, आणि काय सांगावं, दार उघडलं! मागे आमचा शिपाई उभा. त्याला नुकतंच मिळालेलं नवं कार्ड यंत्राला पटेना.

"साहेब, तुम्ही तर रिटायर झाले नं जी? मंग तुमच्यानं काहून उघडलं?"

जुनी यादी नव्या दरवानाच्या डोक्यात जशीच्या तशी ओतली होती, दुसरं काय!

कुलपांचा इतिहास फुशारकीचा आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९० साली दुकानाच्या खिडकीत कुलूप मांडून ते उघडणाऱ्याला २०० गिनी लावल्या. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ५१ तास खटपट करून ते उघडलं. मुंबईत आर्देशिर गोदरेजांनी १८९७ साली कुलपं करायला घेतली. निदान तेव्हा चोराला घाम तरी गाळावा लागे.

आमच्या दाराची पद्धत वीगँडची, १९८०च्या दशकात लोकप्रिय झालेली. डबी कार्डाचा आकडा दोन बारीक वायरींवरून कंट्रोलरला ओरडून सांगते. सव्वीस शून्य-एक, त्यातले ८ इमारतीचे, १६ माणसाचे, उरलेले २ चूक तपासायला. सांकेतिक भाषा नाही, उलटा सवाल नाही. वायरीला कान लावून कुणी तोच आकडा पुन्हा ओरडला, तर नवा दरवानही "या, या" म्हणणार. डब्याही बदलून दोघांचं बोलणं सांकेतिक करायला हवं. तो खर्च पुढच्या बजेटात, असं साहेबांनी मला चहा पाजता पाजता सांगितलं.

शिपाई अजून बाहेरच होता. शेवटी मी, म्हणजे एका पेन्शनराने, आतून दार ओढून त्याला आत घेतलं. तो माझ्या हातातल्या कार्डाकडे बघत राहिला.

"साहेब, उद्या दहाले येता काय जी?"