कानातल्या वायरीची गोष्ट आणि अडीचशे रुपयांची भेट

चुलीवर काही असेल तर आच जरा कमी करा आणि दहा मिनिटं माझ्याजवळ बसा.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. गटातर्फे तिला काय द्यायचं? कुणी ड्रेसचं कापड म्हणालं, कुणी स्टीलचा डबा. तेवढ्यात ती मुलगीच हळूच म्हणाली, "मावशी, इअरफोन द्या. आमचं घर एका खोलीचं. मी मोबाइलवर धडा लावला की आजोबांची झोपमोड होते आणि टीव्ही लागला की मला काही ऐकू येत नाही."

वर्गणी जमली अडीचशे रुपये. पण गटातल्या एक आजी म्हणाल्या, "ती वायर दोन दिवसांत गुंतते. एकदा गुंतली की ओढाताण, आणि ओढली की तुटली. पैसे पाण्यात." आजींचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणून मी जरा शोध घेतला. तेव्हा कळलं, या वायरीच्या गोष्टीत बायका अगदी सुरुवातीपासून आहेत.

टेलिफोन नवा होता तेव्हा फोन थेट समोरच्याला लागत नसे. मध्ये एक्स्चेंज असे. तिथं बसलेलं माणूस एका घरची वायर उचलून दुसऱ्या घराच्या भोकात खोचायचं, मग बोलणं सुरू व्हायचं. अमेरिकेत बोस्टन शहरात या कामावर आधी पोरं ठेवली होती. ती फोन करणाऱ्यांशी उद्धट बोलत, थट्टा करत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट नावाची तरुणी कामाला घेतली. टेलिफोन जोडून देणारी ती पहिली बाई. तिच्या मागोमाग तिची बहीण स्टेलाही रुजू झाली. पुढं हे काम बायकांचंच झालं. आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते १८८२ साली.

आता बघा, वायरी खोचायला दोन्ही हात मोकळे हवेत आणि ऐकायलाही हवं. म्हणून सुरुवातीला एक साधन निघालं, ते खांद्यावर पेलावं लागे. त्याचं वजन काही किलो. दिवसभर ते ओझं वागवून काम करायचं. डोक्यावरचा हंडा निदान घरी आल्यावर उतरतो!

१८९१ साली एर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच इंजिनिअरनं कानात बसणाऱ्या दोन छोट्या टेलिफोनांचं पेटंट घेतलं. वजन ५० ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लिंबाएवढं. कानाला घासू नये म्हणून वर रबराचं आवरण. आजच्या इअरफोनचा हा पणजोबाच म्हणा ना.

पुढं १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा इथं नाथानिएल बाल्डविन नावाच्या माणसानं स्वयंपाकघरात बसून डोक्यावर घालायचे हेडफोन बनवले. ते तिथल्या नौदलानं घेतले. पण एका वेळी दहाच नग करता येतील असं त्यानं कळवलं, कारण कारखाना म्हणजे स्वयंपाकघरच! आपल्या पापड-मसाल्याच्या धंद्याची सुरुवात तरी कुठं वेगळी असते?

१९७९ साली जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि माणसं चालता चालता गाणी ऐकू लागली. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. आज मोबाइलमध्ये आपण जी गोल पिन खोचतो, ती त्या एक्स्चेंजमधल्या पिनेचीच बारीक झालेली नात आहे.

आता आजींचा प्रश्न, वायर गुंतते का? २००७ साली कॅलिफोर्नियातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघा शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. डब्यात दोरी टाकायची, डबा गरगर फिरवायचा, मग उघडून बघायचं. असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. दिसलं असं, की गाठ काही सेकंदांतच पडते. दोरी जितकी लांब आणि मऊ, तितक्या गाठी जास्त. ताठ दोरीला कमी. साधारण अर्ध्या मीटरपेक्षा आखूड दोरीला तर गाठ पडलीच नाही. डबा लहान असला की दोरीला वळवळायला जागा मिळत नाही, म्हणून गाठीही कमी. सैल सोडलेला दोरा गुंततो आणि लडी करून ठेवलेला गुंतत नाही, हे आपल्याला ठाऊकच होतं. त्यांनी ते मोजून दाखवलं.

हे सगळं ध्यानात ठेवून आम्ही दुकानात गेलो. काय पाहिलं ते सांगते.

पहिलं, मोबाइलचं भोक. गोल पिनेचं आहे की चार्जरच्या चपट्या टाइप-सी पिनेचं? ज्याला भेट द्यायची त्याचा मोबाइल आधी बघा. इथं चूक झाली तर बाकी सगळं फुकट.

दुसरं, वायर. अगदी मऊ, बारीक वायर नको. चपटी किंवा वरून कापडी वेणी असलेली, जराशी ताठ घ्या. दुकानदाराला विचारून मुठीत चुरगाळा आणि सोडा. आपोआप उलगडली तर ती आपली.

तिसरं, वायरीचे दोन फाटे जिथं जुळतात तिथं सरकणारा मणी आहे का? तो वर सरकवला की मोकळे फाटे आखूड होतात. आखूड वायर कमी गुंतते, हे आत्ताच ऐकलंत.

चौथं, पिनेजवळचा सांधा. वायर बहुधा तिथंच तुटते. तिथं जाड रबर हवं.

पाचवं, कानात बसणारी रबरी टोपणं लहान, मध्यम, मोठी अशी मिळतात का? कानात नीट बसलं की आवाज फार वाढवावा लागत नाही आणि कान शाबूत राहतात. रस्त्यानं चालताना मात्र कानात घालू नका.

इअरफोन मिळाला, वर काही रुपये उरले. त्यात एक छोटी गोल डबी घेतली. मुलीला दाखवलं, दोन बोटांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वायर गुंडाळायची आणि डबीत ठेवायची.

परवा तिच्या घरी गेले होते. आजोबा झोपलेले, टीव्ही चालू, आणि ती कोपऱ्यात वहीत काहीतरी उतरवून घेत बसलेली. आई शेजारी शेंगा निवडत होती. एक बोंडूक लेकीच्या कानात, दुसरं आईच्या. मी विचारलं, "तुम्हाला काय कळतंय हो त्यातलं?" ताई म्हणाल्या, "आज रक्तदाब कसा मोजतात ते सांगतायत. गप बसा जरा."

मी गप बसले. तुमच्या गटात अशी एखादी मुलगी असेल तर तिलाही विचारा, काय हवंय म्हणून. येते मी. नमस्कार.