तेवीस चिंचोके

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याला आमचं घर. आजूबाजूला भातखाचरं, त्यापुढं माळ, मग जंगल आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. समुद्र तिथून चांगला लांब. तरीही आज मी बोलणार आहे ते समुद्रावरून आलेल्या काही शब्दांबद्दल, आणि त्याची सुरुवात माझ्या आजीच्या एका पत्र्याच्या डबीपासून करावी लागेल.

या डबीत तेवीस चिंचोके असत. वर्षभर डबी फडताळात पडून राही. बकरी ईदच्या आदल्या दिवशी पहाटे ती खाली उतरे. पहाटेचा नमाज झाला की आजी बसल्या जागी काहीतरी पुटपुटे आणि एक चिंचोका डबीतून काढून वाटीत टाके. दुपारच्या नमाजानंतर दुसरा, असं करत दिवसाला पाच. आदला दिवस, ईदचा दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून वीस होत. त्यानंतरच्या दिवशी पहाट, दुपार आणि तिसरा प्रहर असे तीन. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचा हिशेब चुकल्याचं मला आठवत नाही. डबी रिकामी झाली की ती म्हणे, "झाली ईद." आम्हा पोरांच्या लेखी ती केव्हाच संपलेली असे.

आजी जे पुटपुटे त्याला तकबीर म्हणतात. 'अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाहा इल्लल्लाहु, वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, व लिल्लाहिल हम्द.' अल्लाह सर्वांहून थोर आहे, त्याच्यावाचून कोणी उपास्य नाही आणि सारी स्तुती त्याचीच, एवढाच त्याचा अर्थ. यात काही मागणं नाही, नवस नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. परंपरेनं सांगितलं जातं की, हे एकट्याचं वाक्य नव्हे. हजरत इब्राहिम मुलाचं बलिदान द्यायला निघाले, तेव्हा मुलाच्या जागी मेंढा घेऊन येणाऱ्या देवदूतानं पहिले शब्द उच्चारले, बापानं मधले आणि सुटका झालेल्या मुलानं शेवटचे.

या दिवसांना अरबीत 'तश्रीक'चे दिवस म्हणतात. कुर्बानीचं मांस पट्ट्या कापून उन्हात वाळवायचे दिवस, असा त्याचा एक अर्थ. आपल्याकडं सुकट वाळवतात तसंच. गंमत अशी की, मुसलमानी वर्ष चांद्र असल्यामुळं ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकते आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. मी अकरा वर्षांचा असताना, १९८९ साली, ती जुलैच्या मध्यावर आली होती. शहापूरचा जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, आणि आम्ही उन्हात वाळवायचे दिवस पाळत होतो! लावणी चालू होती. पुरुषमाणसं पहाटे आमच्या ओटीवर जमत. सात-आठ जणच, पण मोठ्यानं तकबीर म्हणत, आणि मग इरली-घोंगड्या घेऊन खाचरांकडं निघत.

ईदच्या नमाजाला मात्र मोठ्या गावी जावं लागे. एका वर्षी मामांनी मला त्यांच्याबरोबर शहरातल्या एका ईदगाहवर नेलं. ईदच्या नमाजात नेहमीपेक्षा जादा तकबिरी असतात आणि प्रत्येक वेळी हात कानांपर्यंत उचलायचे असतात. आजोबांनी मला घोटून घेतलं होतं, पहिल्या रकातीत सात आणि दुसऱ्या रकातीत पाच. इमामांनी तीन म्हटल्या आणि सगळ्यांनी हात बांधले. मी चौथ्यांदा हात वर केला. शेजारच्या माणसानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दुसऱ्या रकातीला उभं राहताच मी पुन्हा हात उचलले, तर इमाम थेट पठणच करू लागलेले. पठण संपलं, आता वाकायचं म्हणून मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो आणि नेमक्या त्याच वेळी शेकडो हात वर गेले. नमाज संपल्यावर मागचा एक तरुण मामांना म्हणाला, "पोराला नमाज तरी नीट शिकवायचा होता." हे त्यानं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं.

घरी येऊन मी रडलो. आजोबा रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "पोरा, ते दिल्लीच्या वाटेनं आलेले, आपण दर्याच्या वाटेनं. त्यांचं तीन आणि तीन, आपलं सात आणि पाच. दोन्ही खरं." आजोबा इतिहासाचे अभ्यासक नव्हते. भाताचा नि गवताचा लहानसा धंदा करत. पुढं मी इतिहास शिकलो आणि शिकवूही लागलो, तेव्हा त्यांच्या त्या वाक्यात किती मोठा ऐवज होता ते कळलं.

इस्लामी धर्मशास्त्राच्या सुन्नी पंथात चार प्रमुख परंपरा आहेत. उत्तर भारतात आणि दख्खनमध्ये बहुतेक मुसलमान इमाम अबू हनीफांची हनफी परंपरा पाळतात. मध्य आशियातून खैबरच्या बाजूनं आलेल्या सुलतानांबरोबर आणि विद्वानांबरोबर ती इकडं रुजली. कोकणी मुसलमान मात्र इमाम शाफईंचे अनुयायी. हे शाफई इ.स. ७६७ मध्ये गाझा इथं जन्मले आणि ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. त्यांची परंपरा अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर रुजली आणि व्यापारी गलबतांबरोबर पसरली. नकाशा पुढं घेऊन बघा, कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका, मग थेट मलाया आणि जावा. सगळीकडं शाफई. ईदच्या सकाळी या सगळ्या किनाऱ्यावर सात आणि पाच तकबिरी होतात. आजीच्या तकबिरीत सुरुवातीला तीनदा 'अल्लाहु अकबर' येतं आणि हनफी दोनदा म्हणतात, तेही याच कारणानं.

आता तुम्ही विचाराल, समुद्राचा आणि शेणव्याचा काय संबंध? संबंध कल्याणचा. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशानं कल्याणची गणना भारताच्या मोठ्या बंदरांत केली आहे. बंदरात उतरलेला माल देशावर चढवायच्या दोन वाटा होत्या. एक मुरबाडवरून नाणेघाटानं जुन्नरला, दुसरी शहापूरच्या बाजूनं थळघाटानं नाशिककडं. आमचा मुलूख या दोन वाटांच्या बेचक्यात. बंदराच्या वाटेवर जे भाषेचं होतं, पदार्थांचं होतं, तेच प्रार्थनेचंही होतं.

अरब इथं नेमके कधी आले, याबद्दल सांगण्यासारखा एक पुरावा आपल्या घरच्याच अंगणात आहे. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. तिथं सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट काळातला संस्कृत ताम्रपट सांगतो की, संजाण परिसराचा कारभार राजानं मधुमती नावाच्या 'ताजिक' अधिकाऱ्याकडं सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. या माणसानं नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या, फुकट जेवणाचं अन्नछत्र घातलं. देवीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीला त्याची संमती होती. याच्या दहाच वर्षं आधी, ९१६ मध्ये, अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथंच घरसंसार थाटलेले मिळून दहाएक हजार मुसलमान तिथं राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. शिवरायांच्या जन्माआधीची सातशे वर्षं म्हणा ना! पुढं चौदाव्या-पंधराव्या शतकात माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) झाले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे हे कोकणी विद्वान शाफईच होते. त्यांच्या उरुसाला आजही मुंबई पोलिसांची मानाची चादर चढते.

पण ताम्रपट आणि प्रवासवर्णनं बंदरांची. आतल्या खेड्यांत काय होतं? इथं मला आजीची डबी पुन्हा आठवते. शाफई नियमानुसार जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला गावात राहणारे किमान चाळीस पुरुष लागतात. चार-सहा घरांच्या वस्तीत ते कुठून आणायचे? तकबिरीला मात्र काहीच लागत नाही. मशीद नको, इमाम नको, जमात नको. एकट्यानं म्हटली तरी चालते, बाईनं हळू आवाजात म्हटली तरी चालते, चिखलात उभं राहून म्हटली तरी चालते. म्हणून माझं मत असं आहे की, आतल्या मुलखात हा सण टिकवला तो या एका ओळीनं आणि ती मोजणाऱ्या बायकांनी. याचा कागद कुठं मिळायचा नाही.

या ओळीचा आवाज बंदही झाला होता, तेही सांगायला हवं. १९९३ ची बकरी ईद जूनच्या तोंडावर आली. आधीच्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भिवंडीनं १९८४ मध्ये तेच भोगलं होतं. शेणव्याला काही झालं नव्हतं, पण भीतीला एसटीचं तिकीट लागत नाही. जे शब्द आमच्या ओटीवर स्तुतीचे होते तेच दंगलीत घोषणा म्हणून ऐकलेली माणसं दोन्ही बाजूंना होती. वडील म्हणाले, "औंदा मनातल्या मनात म्हणा." पहाटे ओटीवर सगळे जमले, नमाज झाला आणि कोणी तोंड उघडलं नाही. आतून चिंचोका वाटीत पडल्याचा आवाज तेवढा आला.

सकाळी शेजारची कुणबी म्हातारी कुडापाशी आली. आजीला म्हणाली, "काय गो चाची, औंदा ईद नाय का तुमची? पहाटचा आवाज नाय आला." आजीनं काही उत्तर दिलं नाही, तिला आत बोलावून चहा दिला. दुपारच्या नमाजानंतर वडिलांनी घसा साफ केला. पहिली तकबीर जरा कापरीच निघाली.

आजी गेली. डबी आता आईकडं आहे. १ ऑगस्ट २०२० च्या ईदला करोनामुळं ईदगाह बंद होते, नमाज घरीच करायचा होता. शहरातले नातेवाईक फोनवर हळहळत होते. आमच्याकडं फारसं काही बदललं नव्हतं. २०२३ मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला, आल्या. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढं ढकलली. शाफई परंपरेत ईदनंतर आणखी तीन दिवस कुर्बानी करता येते, त्यामुळं शास्त्राची काही अडचण नव्हती. आम्हीही दुसऱ्या दिवशी केली.

तकबीर पुढं ढकलता येत नाही. त्या दिवशी पहाटे आईनं सहावा चिंचोका वाटीत टाकला तेव्हा कुठल्याशा घरात टीव्हीवर पंढरपूरची महापूजा लागली होती. टाळांचा आवाज ओटीपर्यंत येत होता. आई म्हणाली, "पाऊस आज उघडला वाटतं," आणि चूल पेटवायला उठली.