शोधगंगा : प्रबंधांच्या वापराची मोजदाद

भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचे खुले ऑनलाइन भांडार. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते डीस्पेस या मुक्त प्रणालीवर चालवते. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने केली. त्याआधी प्रबंध म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयाच्या कपाटातली बांधीव प्रत. ती बहुधा तिथेच बसून वाचावी लागे.

एखादा प्रबंध किती वेळा पाहिला गेला, हे सांगणे दिसते तितके सोपे नाही. शोधगंगेवर प्रबंध सलग नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा सुट्या पीडीएफ फाइली असतात. संपूर्ण प्रबंध उतरवून घेणारा एकच वाचक त्यामुळे दहा-बारा डाउनलोडांची भर घालतो, तर केवळ संदर्भसूची पाहणारा एकाची. शोधयंत्रांचे स्वयंचलित फेरेही आकडा फुगवतात. म्हणूनच 'काउंटर' या आंतरराष्ट्रीय मानकात असे फेरे वगळतात आणि एकाच फाइलवर तीस सेकंदांत दोनदा केलेली क्लिक एकदाच धरतात.

मराठी प्रबंधांची अडचण वेगळी, आणि अधिक गंभीर. अनेक जुन्या प्रती नुसत्या स्कॅन केलेल्या आहेत. काही युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित आहेत. अशा फाइलीत 'लावणी' हा शब्द पानोपानी असला, तरी शोधचौकटीत तो टाकून मजकूर सापडत नाही. तेव्हा कमी डाउनलोडांवरून प्रबंधाचे मोल ठरवणे अन्यायाचे आहे. मराठीत शोधताना शीर्षक, संशोधक व मार्गदर्शक यांची नावे रोमन लिपीतही टाकून पाहावीत.