माइकची दांडी सुटली

५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गाई आणि पात्रे अभिनय करीत. गळा एकाचा, हालचाल दुसऱ्याची! पट्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. त्यांनी गाजवलेल्या तमाशातही नाचणारीच्या मदतीला झीलकरी असत. ते ध्रुपद उचलून धरीत, तेवढ्यात तिला श्वास घेता येई.

पुढे माइक आला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, पण कलावंत दांडीपाशी खिळला. पाऊल बाजूला पडले, की शब्द हरवे.

१९७९ मध्ये ब्रिटिश गायिका केट बुश यांना नाचत गायचे होते. त्यांच्या ध्वनितंत्रज्ञाने कपड्याच्या हँगरची तार वाकवून बिनतारी माइक तोंडाजवळ बसवला. आता इवलासा माइक गालाशी असतो, छोटी पेटी कमरेला. आवाज रेडिओलहरींवरून ध्वनिक्षेपकापर्यंत जातो. हात-पाय मोकळे!

मात्र तोंडाशी असलेला हा माइक धापही ऐकवतो. झीलकऱ्यांच्या आडोशाला ती झाकली जाई. दमसास कमावण्याची मेहनत म्हणूनच आजही चुकलेली नाही.