प्रोजेक्टर घेण्याआधी खोलीतला उजेड मोजा

मोबाईलवर हजारो फोटो पडून असतात आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकत्र बसून बघायचे म्हटलं, तर सहा इंची स्क्रीनवर पाच डोकी भिडतात. व्याख्यानाचंही तसंच. टीव्ही पन्नास माणसांना पुरत नाही. मग प्रोजेक्टर शोधायला लागलं की पहिल्याच पानावर दिसतं: '९००० लुमेन, फोर-के सपोर्ट, ३०० इंची स्क्रीन', किंमत सात हजार. शेजारच्या प्रोजेक्टरवर '३५०० लुमेन' लिहिलेलं असतं आणि किंमत असते पन्नास हजारांच्या घरात. कमी लुमेनचा माल महाग कसा?

मी बावधनला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या सोसायटीने वर्गणीतून क्लबहाऊससाठी प्रोजेक्टर घ्यायचं ठरवलं आणि 'तू कॉम्प्युटरवाला आहेस, तूच बघ' म्हणून काम माझ्याकडे आलं. लोकांचे पैसे, त्यात गणेशोत्सवात किल्ल्यांवरचं व्याख्यान ठरलेलं आणि पुढच्या दोन रांगांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा. त्यांना नकाशावरची नावं वाचता आली नाहीत, तर वर्गणी वायाच. त्या निमित्ताने जे हिशोब केले ते इथे मांडतो. घरासाठी घेणाऱ्यांनाही तेच लागू पडतात.

लुमेन म्हणजे काय आणि खोटे लुमेन कोणते?

प्रोजेक्टरमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते लुमेनमध्ये मोजतात. हे मोजायची ठरलेली पद्धत आहे: पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मधोमध प्रकाश मोजायचा आणि सरासरी काढायची. या पद्धतीने मोजलेला आकडा 'अँसी लुमेन' किंवा 'आयएसओ लुमेन' म्हणून लिहितात. आयएसओ २१११८ हे त्याचं मानक.

स्वस्त प्रोजेक्टरवर नुसतं 'लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' लिहिलेलं असतं. तो आकडा बऱ्याचदा आतल्या दिव्याचा असतो, नाहीतर निव्वळ जाहिरातीचा. '९००० लुमेन'वाल्या डब्यातून खरे २०० अँसी लुमेन निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्यामुळे पहिला नियम: 'अँसी' किंवा 'आयएसओ' हा शब्द नसेल, तर तो आकडा नाहीच असं समजा.

खरी लढाई उजेडाशी

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो. चित्रातला काळा भाग म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा, आणि त्या पडद्यावर ट्यूबलाइट पडत असेल तर 'काळा' करडा होतो. चित्र फिकं दिसतं ते यामुळे.

आपल्याकडे प्रकाशचित्रांचे खेळ सिनेमाच्याही आधी होते. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग. आजच्या मानाने तो दिवा किरकोळच. तरी लोकांना चित्रं दिसायची, कारण खेळ अंधारात व्हायचा. तत्त्व आजही तेच आहे.

किती अंधार पुरेसा, याचंही माप आहे. दृकश्राव्य उद्योगातल्या अविक्सा या संस्थेच्या मानकात पडद्यावरचा पांढरा आणि काळा यांचं किमान गुणोत्तर दिलं आहे. नुसतं बघून विषय कळण्यासाठी ७, बारकाईने वाचण्यासाठी १५, नकाशे आणि आराखडे तपासायला ५०, आणि सिनेमासाठी ८०.

आता तुमचा मोबाईल कामाला लावा. अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड मोजणारा सेन्सर असतो, तोच जो स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त करतो. कुठलंही 'लक्स मीटर' ॲप टाका. आयफोनवरची अशी ॲप्स कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात, तेवढंही आपल्या कामाला चालतं. जिथे पडदा येणार त्या भिंतीला फोनची पाठ टेकवा, स्क्रीन प्रेक्षकांकडे ठेवा आणि आकडा वाचा. यावेळी प्रोजेक्टर बंदच हवा. मग हे सूत्र वापरा:

लागणारे लुमेन = (गुणोत्तर − १) × खोलीतले लक्स × पडद्याचं क्षेत्रफळ (चौरस मीटरमध्ये)

रुंद चित्राच्या म्हणजे १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ असं: ८० इंचाला १.७६, १०० इंचाला २.७६ आणि १२० इंचाला ३.९७ चौरस मीटर. इंच कर्णात मोजतात. ८० वरून १२० वर गेलात की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तोच प्रकाश तेवढा पातळ पसरतो.

आमच्या हॉलचा हिशोब

क्लबहाऊसमध्ये सगळे दिवे चालू असताना भिंतीवर १५० लक्स मिळाले. १२० इंची पडदा आणि वाचण्यासाठी १५ चं गुणोत्तर धरलं तर १४ × १५० × ३.९७, म्हणजे जवळपास ८३०० अँसी लुमेन. एवढा प्रोजेक्टर आमच्या वर्गणीत बसणारच नव्हता.

मग पडद्याजवळच्या दोन ट्यूबलाइट बंद केल्या आणि डोंगराकडच्या खिडकीला जाड पडदा ओढला. आकडा ४० लक्सवर आला. आता १४ × ४० × ३.९७, म्हणजे साधारण २२००. मागच्या रांगांवरचे दिवे चालूच होते, कुणी अंधारात धडपडायचा प्रश्न नाही. दोन बटणं आणि एक पडदा, यात सहा हजार लुमेन वाचले. आमच्या हॉलमध्ये सगळे दिवे एकाच बटणावर होते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून पुढचे दोन वेगळे करून घेतले. त्याचा खर्च प्रोजेक्टरच्या किमतीपुढे काहीच नाही.

घरच्या हॉलचा हिशोब

घरी रात्री दिवे मालवले, बाहेरचा उजेड पडद्याने अडवला की ३ लक्सपर्यंत उतरता येतं. ८० इंची चित्र आणि सिनेमाचं ८० गुणोत्तर धरलं तर ७९ × ३ × १.७६, म्हणजे साधारण ४२० लुमेन. याचा अर्थ घरासाठी ४०० ते ५०० खरे अँसी लुमेनवाला एलईडी प्रोजेक्टर पुरतो. पण तोच उचलून दुपारी क्लबहाऊसमध्ये नेलात, तर काही दिसणार नाही. 'दोन्हीकडे चालेल' असा एकच हवा असेल, तर व्याख्यानाच्या हिशोबाने घ्या आणि घरी इको मोडवर चालवा.

रिझोल्युशन: 'सपोर्ट' शब्दापासून सावध

'फोर-के सपोर्ट' म्हणजे तो फोर-के व्हिडिओ स्वीकारतो. दाखवतो किती, ते 'नेटिव्ह रिझोल्युशन'मध्ये लिहिलेलं असतं. ८० इंची चित्रात १२८०×७२० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल १.४ मिलिमीटरचा होतो आणि चांगल्या नजरेला तो पावणेपाच मीटरपर्यंत जाणवू शकतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये आपण तीन मीटरवर बसतो. त्यामुळे घरी फोटोंसाठी १९२०×१०८०, म्हणजे फुल एचडी नेटिव्हच हवा. हॉलच्या मागच्या रांगेला हा फरक कळणार नाही, पुढच्या रांगांना कळेल.

मराठीसाठी अजून एक मुद्दा. देवनागरीत अर्थ अनुस्वार, रफार आणि वेलांट्यांमध्ये असतो. फोकस जरा हलला किंवा पिक्सेल कमी पडले की आधी तेच गळतात. इंग्रजी स्लाइड दाखवून प्रोजेक्टर 'चांगला आहे' म्हणू नका. चाचणीला मराठी स्लाइड न्या आणि कोपऱ्यातली अक्षरंही वाचून बघा.

फोटोंसाठी रंग

बाजारात मुख्य तीन प्रकार दिसतात. थ्री-एलसीडीमध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशासाठी तीन वेगळे पॅनल असतात, त्यामुळे रंगांची चमक पांढऱ्याइतकीच मिळते. एका चिपच्या डीएलपीमध्ये रंग पाठोपाठ टाकतात. व्याख्यानाच्या काही मॉडेलमध्ये फिरत्या रंगचक्रात पांढरा भागही असतो. त्याने स्लाइड झगझगीत दिसते, पण फोटोतले चेहरे मंद पडतात. तिसरा प्रकार स्वस्त एलसीडीचा. त्यात एकच पॅनल आणि अनेकदा आतला भाग उघडा असतो. बावधनसारख्या जिथे-तिथे बांधकाम चालू असलेल्या भागात त्यात धूळ शिरते आणि चित्रावर कायमचे ठिपके दिसू लागतात. प्रकार कोणताही घ्या, फिल्टर काढून साफ करता येतो का हे विचारा.

खोलीत मावेल का?

'थ्रो रेशो' म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. ८० इंची चित्र १.७७ मीटर रुंद असतं. रेशो १.२ असेल तर प्रोजेक्टर २.१ मीटरवर लागेल, १.५ असेल तर २.७ मीटरवर. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये टेप लावून आधीच बघा. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ करता येतं, पण त्यात काही पिक्सेल वाया जातात. शक्यतो समोर आणि सरळ ठेवा.

मोबाईल जोडताना

यूएसबी-सी पोर्ट आहे म्हणजे चित्र बाहेर येईलच असं नाही. फोनला 'डिस्प्लेपोर्ट' सुविधा लागते. आयफोन १५ पासून ती आहे, सॅमसंगच्या एस मालिकेत आहे, पण कमी किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये नाही. वायरलेसचा भरवसा घरी ठीक. अनोळखी हॉलमध्ये वायफाय मिळेलच असं नाही, म्हणून एचडीएमआय केबल आणि लॅपटॉप सोबत ठेवा.

फोटो पेनड्राइव्हवर नेणार असाल तर आयफोनचे 'एचईआयसी' फोटो आधी 'जेपीजी'मध्ये बदला. बरेच प्रोजेक्टर ते ओळखत नाहीत. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात, मोठ्या पडद्यावर ते मऊ दिसतात. नातेवाइकांकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. उभ्या फोटोंची जोडी करून ठेवा, कारण एक उभा फोटो रुंद पडद्याची जेमतेम ४२ टक्के रुंदी वापरतो. आणि मराठी स्लाइड पीडीएफ करूनच न्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं व्याख्यान अगम्य चिन्हांची रांगोळी होतं.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. अँसी किंवा आयएसओ लुमेन किती? रंगीत प्रकाशाचा आकडा वेगळा आहे का?
२. नेटिव्ह रिझोल्युशन किती?
३. थ्रो रेशो किती?
४. दिवा, एलईडी की लेझर? साध्या दिव्याचं आयुष्य साधारण काही हजार तास, एलईडी-लेझरचं वीस हजारांच्या पुढे. बदली दिवा केवढ्याला?
५. दुरुस्ती पुण्यात होते की डबा बाहेरगावी पाठवावा लागतो?
६. माझी मराठी स्लाइड आणि माझे फोटो आत्ता, दुकानातले दिवे चालू ठेवून दाखवाल का?

सहाव्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. आम्ही शेवटी फुल एचडी, थ्री-एलसीडी, ३५०० लुमेनच्या आसपासचा घेतला. हिशोबाने २२०० लागत होते, वरचे अशासाठी की दिवा जुना होत जातो तशी चमक उतरते आणि इको मोडमध्ये पंख्याचा आवाजही कमी होतो. तुमचा आकडा वेगळा येईल. तो जाहिरातीत शोधू नका, आज रात्री फोन भिंतीला टेकवून काढा.